काशम्मा फाटकाबाहेर

बेलहाळ, ता. अक्कलकोट
१८ मार्च २०२४

श्री. शरणप्पा यांस,
सप्रेम सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मार्था, शांतवन मास्तरांची बहीण, म्हणजे तुमच्या काशम्माची नणंद. मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते. आता रिटायर होऊन गावात काशम्माजवळच राहते. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, फोनवर तर मुळीच नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तुमच्या भुसार दुकानाचं नाव काशम्माने सांगितलं. एवढाच पत्ता तिच्याजवळ होता.

काशम्मा आजारी आहे. पोटात गाठ आहे आणि ती आता यकृतात पसरली आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी नर्स आहे, तेव्हा तुम्हाला उगीच आशेला लावत नाही. फार तर महिना.

ती काही मागत नाही. पण रोज संध्याकाळी दाराकडे बघून ओठ हलवते. ओठ वाचून वाचून मला कळायला लागलं आहे. "अण्णा बंदना?" भाऊ आला का, एवढंच विचारते.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिने आमच्या मास्तरांशी सोलापुरात रजिस्टर लग्न केलं, तेव्हापासून तुमच्या घरचं कुणी तिच्या दारात आलं नाही. मास्तर जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. मास्तरांनी तिला कधी धर्म बदल म्हटलं नाही आणि तिनेही बदलला नाही. तुमच्या स्वामींनी दिलेलं लिंग आजही तिच्या गळ्यात आहे. दर रविवारी मी चर्चला जायची आणि ती तेवढ्या वेळात आमच्या कबरस्तानात जाऊन झाडलोट करायची. कबरस्तानाचं जुनं लोखंडी फाटक आहे, शंभर वर्षांपूर्वीचं. गोऱ्या साहेबाने लोहाराला कागदावर द्राक्षाचा वेल काढून दिला होता म्हणतात. लोहाराने द्राक्षं कधी पाहिली नव्हती, त्याने ज्वारीची कणसं घडवली. काशम्माला ती कणसं फार आवडायची. फाटकाच्या बिजागऱ्यांना करंजाचं तेल घालायचं काम तिने कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

अक्कलकोटहून बेलहाळ अठरा किलोमीटर आहे. दर तासाला जीप असते.

तुमची,
मार्था

---

अक्कलकोट
२७ मार्च २०२४

श्रीमती मार्थाबाई यांस,
शरणु शरणार्थी.

आपले पत्र मिळाले. वाचून वाईट वाटले. माझे वय सत्तर आहे, गुडघे धरलेत. मार्चअखेरची दुकानाची गडबड आहे.

काशी गेली त्या वर्षी आमच्या वडिलांनी अंथरूण धरले ते धरलेच. आईने तर तिचे नाव घरात घ्यायचे नाही म्हणून शपथ घातली होती. दोघेही गेले, पण शपथ आहे ती आहेच की. घरात सुना आहेत, मुलगा महेश्वर आता दुकान बघतो, समाजात चार ठिकाणी त्याला बोलावतात. मी आलो तर चार ठिकाणी बोलणे होणार. आपण शिकलेल्या आहात, समजून घ्याल.

सोबत मठातली विभूती पाठवीत आहे. तिच्या कपाळाला लावा. पाडवा होऊन जाऊ दे, मग बघतो कसे जमते ते.

एक विनंती. पत्र बंद पाकिटात पाठवत जा आणि मागे आपले नाव घालू नका. टपाल महेश्वर घेतो.

आपला,
शरणप्पा

---

बेलहाळ
१६ एप्रिल २०२४

श्री. शरणप्पा यांस,

पाडवा झाला. काशम्मा गुरुवारी, अकरा तारखेला पहाटे गेली. तुमची विभूती तिच्या कपाळाला होती.

त्या दिवशी काय झालं ते लिहिणार नव्हते. पण आज पाचवा दिवस, तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ताटात भाकरी आली की मळमळतं. म्हणून लिहून टाकते.

सकाळी नऊला आम्ही तिला धुळाप्पाच्या ट्रॉलीतून कबरस्तानापाशी नेलं. धुळाप्पा म्हणजे आमच्या शेजारचा धनगर. त्याची मेंढरं कबरस्तानाच्या भिंतीलगत चरतात, काशम्मा त्याच्या घरच्यासारखीच होती. फाटकाला नवं कुलूप होतं. पितळी, मुठीएवढं. एवढ्या वर्षांत त्या फाटकाला कधी कुलूप बघितलं नव्हतं.

चर्चच्या पंचांचा सेक्रेटरी एलिया मोटारसायकलवर आला. खाली उतरलासुद्धा नाही. ओठ हलताना मला दिसत होते, तरी धुळाप्पाने त्याचं बोलणं माझ्यासाठी जमिनीवर काडीने लिहिलं. "बाप्तिस्मा न्हाय, जागा न्हाय."

मी म्हटलं, "एलिया, मास्तरांनी तुला बाराखडी शिकवली. तू लहानपणी विषमज्वराने पडला होतास तेव्हा हिने तुला महिनाभर पेज पाजली."

तो म्हणाला, "मावशी, माझं वैयक्तिक काही नाही. नियम आहे. आज हिला घेतलं तर उद्या तिचे लोक येऊन इथे समाधी बांधतील."

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. धुळाप्पाने त्यांना फोन लावला तर त्यांनी पंचांशी बोला म्हणून सांगितलं. पंचांतले दोघे घरी असून बाहेर आले नाहीत. दारामागून बघत होते.

अकरा वाजता धुळाप्पा आमच्या गावातल्या तुमच्या लोकांकडे गेला. बेलहाळात तुमच्या समाजाची पुरायची जागा आहे. तिथले वडीलधारे प्रभुलिंग म्हणाले, "ती आमच्यातून गेली. पण तिचा भाऊ येऊन उभा राहिला तर आम्ही न्हाय म्हणणार न्हाय." म्हणून धुळाप्पा मोटारसायकल घेऊन तुमच्या दुकानावर आला. तुम्ही सोलापूरला गेला होता असं तुमच्या मुलाने सांगितलं. येताना धुळाप्पाने पोत्यात भुसा भरून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या. त्या तासाभरात वितळल्या. बेचाळीस डिग्री ऊन होतं. ट्रॉलीतून पाणी गळत होतं आणि त्याच्यावर माश्या.

मी आयुष्यभर प्रेतं बघितली आहेत. घाण, पू, रक्त, सगळ्यात हात घातले. कधी किळस आली नाही. त्या दिवशी आली. फाटकाच्या पलीकडे लिंबाच्या सावलीत एलिया आणि आणखी दोघे खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनी मिरचीभजी मागवली होती. तेलाचा कागद चुरगाळून एलियाने मास्तरांच्या कबरीपाशी टाकला.

शेवटी पाच वाजता फाटक उघडलं. धुळाप्पाने आणि त्याच्या भावाने खड्डा खणला. दिवस मावळायच्या आत काशम्मा मास्तरांच्या शेजारी गेली.

तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. उत्तराची अपेक्षा नाही.

मार्था

---

अक्कलकोट
२४ एप्रिल २०२४

मार्थाबाई यांस,
शरणु शरणार्थी.

पत्र दुकानात वाचता येईना, म्हणून संडासात जाऊन वाचले. माणसाने आपल्या बहिणीच्या मरणाचे पत्र संडासात वाचावे, अशी आमची तऱ्हा.

त्या दिवशी मी सोलापूरला गेलो होतो, मार्केट यार्डात. असतो तर आलो असतो.

तुमच्या लोकांनी फार वाईट केले. भजी खाल्ली हे वाचून मला ओकारी आली. पण शेवटी त्यांना पाझर फुटला म्हणायचा. उघडले हे बरे झाले. मास्तरांच्या शेजारी गेली, तिला तेच पाहिजे असणार.

एकच विचारतो. मी आणि काशी, आम्हा दोघांना एकाच दिवशी लिंगदीक्षा झाली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. स्वामींनी सांगितले, हे अंगावरून कधी उतरवायचे नाही, शेवटी तळहातावर घेऊन जायचे. तेव्हापासून ती आंघोळीलासुद्धा उतरवायची नाही. आई म्हणायची, "अगं, दोरा तरी बदल की." तर दोरा बदलतानाही तोंडात धरून ठेवायची.

आमच्यात मातीत बसवताना डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. तुमच्यात तशी रीत नसणार, मला माहीत आहे. पण निदान गळ्यात होते ना? तेवढे फक्त कळवा. तेवढे होते म्हणून कळले तर मी झोपेन.

शरणप्पा

---

बेलहाळ
२० मे २०२४

शरणप्पा,

तुमच्या पत्राला महिना होत आला. चार वेळा लिहायला बसले. एकदा तर "होतं" असा एकच शब्द लिहून पाकीट बंद केलं होतं. मग फाडलं.

नव्हतं.

मागच्या पत्रात मी फाटक कसं उघडलं ते लिहिलं नाही. आता लिहिते. वाचून तुम्हाला माझी किळस आली तर येऊ दे. मला रोज येते.

चार वाजेपर्यंत काशम्माला वास यायला लागला होता. एलिया फाटकाच्या गजांपाशी आला. नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मावशी, लवकर ठरवा. वास येतोय." त्याने ते दोनदा म्हटलं. मी ओठांवरून वाचलं, माझी चूक झाली नाही. सात तास तिला उन्हात त्यानेच ठेवलं होतं, आणि तोच रुमाल लावून मला लवकर ठरवा म्हणत होता.

मग त्याने खिशातून टाईप केलेला कागद काढला. म्हणजे तो सकाळपासून तयार होता. त्यात लिहिलं होतं की मृत काशम्मा हिने मरणापूर्वी ख्रिस्ती होण्याची इच्छा सांगितली आणि पाळक हजर नसल्यामुळे मी, रिटायर्ड नर्स मार्था, तिच्या डोक्यावर पाणी घालून तिचा बाप्तिस्मा केला. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

दवाखान्यात असं होतं. मरणाऱ्या तान्ह्या मुलांना मी स्वतः असा बाप्तिस्मा दिला आहे, त्यांच्या आयांनी मागितला म्हणून. काशम्माने कधी मागितला नाही. शेवटच्या रात्री मी तिच्या डोक्यावर पाणी घातलं ते ताप उतरावा म्हणून.

मी सही केली. गजांतून हात घालून, त्याच्याच पेनने.

मग तो म्हणाला, "आता ते गळ्यातलं काढा. ते घालून आत न्यायचं नाही."

शरणप्पा, मी ते काढलं. दोरा ओला होता, बर्फाच्या पाण्याने. गाठ सुटेना म्हणून धुळाप्पाच्या लोकर कातरायच्या कात्रीने कापला. धुळाप्पा तोंड फिरवून उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, "मावशी, लई वंगाळ झालं."

ते लिंग माझ्या पेटीत आहे, औषधाच्या डब्यात कापसात ठेवलं आहे. मी त्या पेटीकडे पाठ करून झोपते. एलियाचा राग येतो, पण राग येऊन जातो. स्वतःच्या हातांची किळस मात्र जात नाही. देवाचं नाव घेऊन खोटं लिहिलं आणि जिने आयुष्यात कधी ते अंगावेगळं केलं नाही तिच्या अंगावरून ओरबाडून काढलं.

आता आणखी एक, म्हणजे दोघांचंही लिहून होईल. धुळाप्पाने मला तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्या गादीवर चष्मा उघडा पडला होता. कपातल्या चहाची वाफ निघत होती. आणि गोदामाच्या पडद्याखाली दोन अनवाणी पाय दिसत होते, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. तो म्हणाला, "सांगू नगा मावशी, म्हातारा माणूस हाय." म्हणून मी तुम्ही सोलापूरला गेला होता असं लिहिलं. तुम्ही काय उत्तर देता ते बघायचं होतं.

मार्था

---

अक्कलकोट
२६ मे २०२४

अक्का,

तुम्हाला अक्का म्हणतो. मार्थाबाई म्हणायचे तोंड राहिले नाही.

अंगठा माझाच होता. पेंडीच्या पोत्यांखालच्या फळीच्या खिळ्याने फाटला होता.

धुळाप्पा दुकानाच्या पायरीशी आला तेव्हा मी चहा पीत होतो. "बेलहाळहून आलोय," एवढे त्याने म्हणताच मी उठलो आणि आत गेलो. कुणी जा म्हटले नाही, महेश्वरला तर काही माहीतही नव्हते. मी पडद्यामागून खूण केली, तेव्हा तो बोलला की अप्पा सोलापूरला गेलेत. मी सरकीच्या पोत्यांत उभा होतो आणि सगळे ऐकत होतो. धुळाप्पा म्हणाला, "मालक, काय बोलायचं न्हाय, काय द्यायचं न्हाय. नुसतं येऊन हुबं ऱ्हायचं. तुमची बहीण उन्हात हाय." तीन वेळा म्हणाला. मग मोटारसायकल चालू झाल्याचे ऐकले. तो गेला आणि मी बाहेर येऊन उरलेला चहा प्यालो. गार झाला होता, तरी प्यालो.

नुसते उभे राहायचे होते, अक्का. प्रभुलिंगांनी जागा दिली असती. तुम्हाला कागदावर सही करावी लागली नसती. तिच्या गळ्यातले काढावे लागले नसते. ते तुमच्या हाताने कापले गेले, पण कापले मी.

तुम्ही म्हणता हातांची किळस येते. मला तर आरशात बघून दाढी करवत नाही. न्हाव्याकडे जातो.

लिंग जपून ठेवा. मी येतो. पुढच्या रविवारी नाही, महेश्वरच्या सासरचे येणार आहेत. नऊ जूनला. हे लिहिताना कळते आहे की अजूनही मी सबबच सांगतो आहे. पण नऊला येतो.

शरणप्पा

---

बेलहाळ
१२ जून २०२४

अप्पा,

रविवारी तुम्ही आलात. फाटकापाशी धुळाप्पाबरोबर दोन तास उन्हात उभे होता. तेवढ्या वेळात चर्चमध्ये काय झालं ते तुम्हाला नीट सांगता आलं नाही. जीपची वेळ झाली होती, आणि तुमचं कानडीमिश्रित बोलणं तुमच्या मिशांतून मला वाचता येत नाही.

मी तुम्हाला म्हटलं होतं की एलियाकडून किल्ली मागून आणते. ते खरं नव्हतं. मागायची असती तर आदल्या दिवशीच मागितली असती.

पाळकसाहेब आले होते. उपदेश झाला, दान गोळा झालं. शेवटी ते विचारतात, कुणाला काही सांगायचं आहे का? लोक सांगतात, मुलगा पास झाला, गाय व्याली. मी उठून पुढे गेले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी फार मोठ्याने बोलले असणार. पुढच्या बाकावरची मुलं दचकली.

मी म्हटलं, "काशम्माच्या बाप्तिस्म्याचा कागद तुमच्या कपाटात आहे. तो खोटा आहे. तिने बाप्तिस्मा मागितला नाही, मी दिला नाही. मी देवाचं नाव घेऊन खोटी सही केली, कारण ती फाटकाबाहेर नासत होती आणि तुम्ही सगळे दारं लावून घरात बसला होता. मी पापी आहे, ते मी आणि देव बघून घेऊ. पण ती ख्रिस्ती नव्हती. ती आता आपल्या कबरस्तानात आहे, आणि जशी होती तशीच आहे. तिचं जे तिच्याकडून काढून घेतलं ते आज मी तिला परत देणार आहे. तिचा भाऊ फाटकाशी उभा आहे."

एलिया उठला. "मग नियमाने प्रेत उकरून बाहेर काढावं लागेल," असं म्हणाला.

मी म्हटलं, "काढ. दोन महिने झालेत. तू स्वतः खाली उतर आणि हाताने काढ. मी नर्स आहे, कसं दिसेल ते तुला आत्ता सांगते." आणि मी सांगितलं. पोट कसं असतं, कातडी कशी सुटते, केस कसे हातात येतात, सगळं सांगितलं. पाळकसाहेब हात वर करून मला थांबवत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, म्हणजे मला कळायचा प्रश्नच नव्हता. बायकांनी पदर तोंडाला लावले. दाऊदच्या सुनेला बाहेर जाऊन उलटी झाली. होऊ दे. ट्रॉलीतून पाणी गळत होतं तेव्हा कुणाला झाली नाही.

मग कुणीच हललं नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आमच्यातली नागम्मा उठली. एकोणऐंशी वर्षांची आहे, काठीशिवाय चालता येत नाही. ती पुरुषांच्या बाजूला गेली आणि एलियापुढे हात पसरून उभी राहिली. ती काय म्हणाली ते मला तिच्या पाठीकडून दिसलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "काय म्हणू? किल्ली दे म्हटलं. माझा नवरा आत हाय, मला त्याला भेटायचंय, म्हटलं. तू कोण कुलूप लावणारा?"

तो देईना. तिने हात मागे घेतला नाही. तशीच उभी राहिली. मग दाऊद उठून तिच्यामागे उभा राहिला, मग त्याची बायको. सगळे नाही उठले, अप्पा. निम्मेसुद्धा नाही. जे त्या दिवशी दारामागून बघत होते ते बाकांवरच बसून राहिले आणि पायांकडे बघत होते. पण एलियाने किल्ली दिली. हातात नाही दिली, जमिनीवर टाकली. नागम्माला वाकता येत नाही, मी उचलली.

पुढचं तुम्ही बघितलंच. तुम्ही वीतभर माती उकरलीत, डबा उघडलात, आणि मग तुम्हाला हात पुढे करवेना. मी तुम्हाला घाई केली त्याचा राग मानू नका. मागून लोक येत होते आणि मला तुमच्या रडण्याची चीड आली होती. ज्या दिवशी नुसतं उभं राहायचं होतं त्या दिवशी न आलेला माणूस आता गुडघे टेकून रडतो आहे, असं माझ्या मनात आलं. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्या मातीत आपल्या दोघांचे हात एकदम गेले, तेव्हाही मला तुमच्या हाताची शिसारी आली होती. आणि माझ्याही.

काल पंचांचं पत्र आलं. खोटी शपथ आणि चर्चची बेअब्रू या कारणांवरून माझं सभासदत्व रद्द. कबरस्तानात माझी जागा रद्द. फाटकाला पुन्हा कुलूप घातलं आहे, या वेळी साखळीसकट. ज्वारीच्या कणसांवरून साखळी गुंडाळली आहे, रंग खरवडून निघाला.

मी ते पत्र धुळाप्पाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, भिताडाच्या अलीकडं माझं रान हाय. हितं कुलूप न्हाय."

मार्था

---

अक्कलकोट
२० जून २०२४

अक्का,

तुम्ही लिहिले ते खरे आहे. मला राग नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्या हातातून डबा ओढून घेतला तेव्हाच मला कळले होते.

इकडचे कळवतो. कुणीतरी फाटकाबाहेरून मोबाईलवर आपले चित्रीकरण केले होते. दुसऱ्या दिवशी ते अक्कलकोटात दिसले. महेश्वर दुकानातून ओरडत घरी आला. "अप्पा, तुम्ही त्या लोकांच्या स्मशानात जाऊन लिंग पुरलंत? समाजात काय सांगू?"

मी त्याला आणि सुनांना समोर बसवले आणि सगळे सांगितले. काशीचे लग्न, तुमची पत्रे, संडासात वाचलेले पत्र. गोदामाचेही सांगितले. "तू धुळाप्पाला खोटे बोललास ते माझ्या खुणेवरून. मी आत होतो." त्याला ते आठवत होते. एवढेच की तेव्हा त्याला वाटले होते, बहीण म्हणजे लांबच्या नात्यातली कुणीतरी असेल. त्याने "सख्खी बहीण होती?" असे विचारले. त्याला आपल्याला आत्या आहे हेच ठाऊक नव्हते, अक्का. इतके आम्ही तिचे नाव पुसले होते.

तो माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. समाजाचे कारण नव्हते, मला कळत होते. बापाकडे बघायचे त्याला होत नव्हते. ताटावर बसला की मान खाली. काल मात्र म्हणाला, "प्रभुलिंगांकडे जाऊन येऊ. निदान तोंडावर सांगून येऊ, त्या दिवशी का आलो नाही ते." आम्ही परवा जाणार आहोत. ते काय म्हणतील ते म्हणतील. ऐकून घेणार.

तुमच्या दारी येऊ का, हे विचारायचे धाडस होत नाही. तुम्ही म्हणाल तसे.

शरणप्पा

---

बेलहाळ
४ जुलै २०२४

अप्पा,

या. महेश्वरलाही आणा. काशम्माच्या खोलीत तिचं सगळं तसंच आहे, त्याने आत्याचं घर तरी बघावं. चहा देईन. याहून जास्त आत्ता माझ्याकडून होणार नाही.

तुम्ही प्रभुलिंगांकडे जाऊन आलात ते धुळाप्पाने सांगितलं. ते तुम्हाला पायरीवर बसवून तासभर बोलत होते म्हणे, आणि तुम्ही मान वर केली नाही.

इथे एक झालं. सोमवारी सकाळी एलिया दारात उभा होता. त्याला साखरेचा आजार आहे. तीन वर्षं त्याच्या उजव्या पायाला जखम आहे आणि आठवड्यातून दोनदा ती मीच धुऊन बांधायची. एप्रिलपासून तो आला नव्हता, मीही बोलावलं नव्हतं. अक्कलकोटला कुणाकडून तरी बांधून घेत होता. त्याने पाय पुढे केला. पट्टी पिवळी झाली होती. सोडली तर टाचेपर्यंत काळं पडलं होतं आणि आत अळ्या होत्या.

मला वाटत होतं, याला हाकलून द्यावं. जा म्हणावं, नियम वाच. पोटातून मळमळ वर येत होती, आणि ती अळ्यांची नव्हती. तरी पाणी उकळलं. चिमट्याने एकेक अळी काढली, मेलेलं मांस कापलं, औषध भरलं, पट्टी बांधली. सव्वा तास लागला. तो रडत होता, दुखलं म्हणून असेल. मी विचारलं नाही.

उठताना त्याने हात जोडले आणि परत कधी येऊ म्हणून विचारलं. मी म्हटलं, "गुरुवारी. आणि येताना फाटकाची किल्ली घेऊन ये. नाहीतर येऊ नकोस."

क्षमा केली म्हणून म्हटलं नाही, अप्पा. मला त्याची क्षमा करायची इच्छाच होत नाही. मी प्रार्थना करते, तेव्हाही ती इच्छा दे असं मागत नाही.

आज गुरुवार. तो आला होता. किल्ली आणली, साखळीही काढली म्हणाला. किल्ली आता नागम्माकडे आहे. पायाला अजून निदान दोन महिने लागतील.

मार्था